उजवीकडची खिडकी

संत जोसेफाच्या सणाच्या आदल्या दिवशी सकाळी प्रॉस्पेरो मोदेनाहून घरी आला, आणि बापाच्या आधी त्याची नजर गेली ती खाटेशेजारच्या कागदावर.

कागद फळीवर ताणून ठेवलेला होता, वर पांढरं फडकं. शेजारी मायफळाच्या शाईची वाटी आणि तासून ठेवलेली तीन पिसं. ही तयारी थोरल्या फुल्वियोने तीन आठवड्यांपूर्वीच केली होती. बोनफादिनींच्या घरात माणूस जायला लागला की थोरल्या चित्रकाराने त्याच्या उशाशी बसून त्याला कागदावर उतरवून घ्यायचं, ही चार पिढ्यांची रीत होती. पणजोबांना आजोबांनी उतरवलं, आजोबांना एर्कोलेने, आणि ते सगळे कागद माडीवरच्या पेटीत एकावर एक निजले होते. आता एर्कोले स्वतः खाटेवर होता आणि त्याचा कागद त्याच्या डोळ्यांसमोर तयार होता.

"दादाला भारीच घाई झालेली दिसते," प्रॉस्पेरो म्हणाला.

"बाबा ते फडकं बघतात आणि मरायचं पुढे ढकलतात," जिनेव्रा म्हणाली. "त्यांचं बरं चाललंय. तू हात धुऊन घे."

जिनेव्रा दोन भावांच्या मधली. चव्वेचाळीस वर्षांची, लग्न न झालेली, घरातली शाई उकळणारी, कागदाला सरस लावणारी आणि चौकटी ठोकणारी. ऑक्टोबरात एर्कोलेचं उजवं अंग गेलं तेव्हापासून त्याचं खाणं, कूस बदलणं आणि बोलणंही तिच्याकडेच आलं होतं. त्याचे ओठ एका बाजूला ओघळले होते आणि त्यातून जे बाहेर पडायचं ते दुसऱ्या कोणाला कळत नसे. जिनेव्राला सगळं कळायचं. तो अर्धा शब्द बोलायचा, ती तो पुरा करून घराला सांगायची. बाबा असंच म्हणाले कशावरून, असं या पाच महिन्यांत कोणी एकदाही विचारलं नव्हतं. अर्थात पाच महिने बाबा म्हणत होते ते एवढंच, की सूप गरम आहे, उशी खाली घे, आणि फुल्वियोला म्हणावं दार लाव.

खाट त्याने हट्टाने खाली चित्रशाळेत आणायला लावली होती. शाईचा वास नाही तिथे आपल्याला मरायचं नाही म्हणून. चित्रशाळेच्या डाव्या भिंतीला रस्त्याकडच्या तीन उंच खिडक्या होत्या आणि सगळी मेजं त्यांच्या बाजूला लावलेली, म्हणजे उजव्या हाताने काढणाऱ्याच्या कागदावर हाताची सावली पडत नाही. उजवीकडे, अंगणाच्या बाजूला, एकच खिडकी होती. ती कधीची बंद होती आणि तिच्यापुढे जुनी ताणलेली कापडं भिंतीला टेकून माणसाच्या उंचीएवढी रचलेली होती. जिनेव्रा डावखुरी. मठातल्या बायकांनी लहानपणी तिचा डावा हात कमरेला बांधून तिला लिहायला शिकवलं, पण घरी आई तो सोडायची. "घरात जो हात येईल त्याने कर," बार्बरा म्हणायची. त्यामुळे जिनेव्रा लिहायची उजव्याने आणि बाकी सगळं डाव्याने. या घरात बसून ती आजवर जे काही काढत आली, ते आपल्याच हाताच्या सावलीत.

खाटेच्या समोरच्या भिंतीवर ते चित्र होतं. मास्तर एर्कोलेचं 'जोसेफाचं मरण'. तपकिरी शाईच्या बारीक रेघा आणि पाण्यात पातळ केलेल्या शाईच्या छटा, बस. खाटेवर म्हातारा सुतार जोसेफ. उशाशी त्याची बायको मरिया. पलीकडे येशू, उजवा हात आशीर्वादासाठी उचललेला. मागे भिंतीशी सुतारकामाचं बाक, त्यावर रंधा, खाली लाकडाचा कीस. जोसेफाचा एक हात चादरीबाहेर लोंबत होता आणि त्याची करंगळी किंचित वाकडी होती. त्या हाताने अर्ध्या शहराला रडवलं होतं.

ते चित्र एर्कोलेने काढलं नव्हतं.

बारा वर्षांपूर्वी बार्बरा जायला लागली तेव्हा एर्कोले रीतीप्रमाणे कागद घेऊन बसला आणि त्याच्याने एक रेघ ओढवेना. डोळे अधू झाले होते आणि हात कापत होता. त्याने पीस फेकलं आणि उठून अंगणात गेला. मग कोपऱ्यातून जिनेव्राने आईला काढलं. आईला उतरवायचा मान तिचा नव्हता, थोरल्याचा होता. म्हणून आई गेल्यावर आठ दिवस ती त्या कागदावर बसून राहिली आणि आईच्या चेहऱ्यावर तिने दाढी चढवली, खाटेभोवती मरिया आणि येशू उभे केले, मागे बाक मांडलं. हात मात्र आईचाच ठेवला. वाकड्या करंगळीचा. तो बदलायचं तिच्या जिवावर आलं.

एर्कोलेने तो कागद पाहिला. बराच वेळ पाहिला आणि काही न बोलता समोर टांगला. पुढच्याच आठवड्यात पार्म्याच्या दरबाराकडून एक माणूस चित्रकार शोधत आला, त्या चित्रापुढे टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, हा हात आम्हाला पार्म्यात हवा." एर्कोले म्हणाला, "माझं वय झालं. मी कुठे जात नाही." जिनेव्रा तेव्हा दोघांना वाइन देत होती. त्यावर बापलेकीत एका शब्दाचं बोलणं झालं नाही. या शहरात बायका चित्रं काढत नव्हत्या असं मुळीच नाही. दोन गल्ल्या सोडून एका बाईची स्वतःची चित्रशाळा होती आणि सही ती चांगली ठसठशीत करायची. म्हणजे चित्र लेकीचं आहे असं म्हणायचं असतं तर म्हणता आलं असतं. जिनेव्राला जगाने ओळखावं असं फारसं वाटत नव्हतं. एकदा, दोघंच असताना, बाबांनी म्हणावं, की चांगलं काढलंस. बारा वर्षं ती त्या एका वाक्याची वाट बघत होती, आणि हल्ली त्यांचा प्रत्येक अर्धा शब्द ती इतक्या लगबगीने उचलायची त्याचं खरं कारण ते होतं.

आज दुपारी सुतारांच्या मंडळीचा मुखिया तद्देओ येणार होता. संत जोसेफ सुतारांचा, आणि त्यांच्या देवळातल्या वेदीमागे लावायला त्यांना हेच चित्र मोठं रंगवून हवं होतं. मास्तरच्या हातून आता रंगवून होणार नाही हे त्यांना माहीत होतं. त्यांची अट एवढीच होती, की हे चित्र माझ्या हातचं आहे असं मास्तरने मुखियासमोर सांगावं आणि रंगवायचं कोणत्या मुलाने तेही सांगावं. ज्याच्याकडे हे काम, त्याच्याकडे चित्रशाळा, हे न बोलता ठरलेलं होतं. आणि मास्तर सांगणार म्हणजे जिनेव्रा सांगणार.

हे दोन्ही भावांना चांगलंच उमगलं होतं.

प्रॉस्पेरोने तिला आधी गाठलं, अंगणात, ती चादरी पिळत असताना. आठ वर्षांपूर्वी भावाशी भांडून गेलेला हा धाकटा, वर्षाला दोन पत्रं लिहायचा आणि दोन्हींत आपल्याच सर्दीबद्दल. आज त्याने चादरीचं दुसरं टोक धरलं.

"थकलीस गं तू," तो म्हणाला.

"तू चादर धरलीस तेव्हाच ओळखलं मी. काय हवंय?"

"मोदेनात माझ्या घरी वरची खोली रिकामी आहे. मोठी आहे. तिथे तुला बसून काढता येईल. इथे दादा तुला जन्मभर सरसच उकळायला लावणार."

"आणि मी काय करायचं?"

"काही नाही. बाबा जे बोलतील ते नीट ऐकायचं." त्याने चादर पिळली. "लहानपणापासून त्यांचा जीव माझ्यावर होता, हे तुलाही ठाऊक आहे."

"बाबा आज सकाळपासून दोनदाच बोललेत. एकदा म्हणाले पाणी. दुसऱ्यांदा विचारलं, तो मोदेनावाला कोण आलाय."

प्रॉस्पेरो हसला, पण त्याचा चेहरा पडला. जिनेव्राला वाईट वाटलं, कारण दुसरं तिने बनवून सांगितलं होतं.

स्वयंपाकघरात फुल्वियोची बायको ओलिंपिया सणाच्या करंज्या भरत होती, आत गडद मुरंबा, वर साखर. फुल्वियो दाराला टेकून उभा होता. एकोणपन्नास वर्षांचा, जाडसर, बापाच्या सावलीत वाढलेला आणि बापासारखाच कमी बोलणारा.

"काय म्हणत होता तो?" त्याने विचारलं.

"खोली देतो म्हणाला."

"माडी तुझीच आहे. मी कधी म्हटलं का नाही म्हणून?"

"दादा, माडीवर पावसात तीन ठिकाणी गळतं."

"कौलं बदलून घेऊ," ओलिंपिया करंजीच्या कडा दाबत म्हणाली. वीस वर्षांत तिने नणंदेसाठी काही बदलून घेऊ म्हटल्याचं जिनेव्राला आठवत नव्हतं. "इतकी वर्षं बापापाशी कोण राहिलं हे तद्देओला दिसतंच आहे. तुला वेगळं काही बनवून सांगायला नको. जे आहे तेच सांग."

"जे आहे तेच सांगेन, वहिनी."

"बघ हं," ओलिंपिया म्हणाली, आणि कशामुळे कोण जाणे तिने मान वर करून जिनेव्राकडे नीट पाहिलं.

तद्देओ जेवणानंतर आला. सत्तरीचा, वाळक्या लाकडासारखा, एका कानामागे पेन्सिल अडकवलेली, ती तो देवळातही काढत नसे. बरोबर कोणाला आणलं नव्हतं. तो आधी खाटेजवळ गेला, एर्कोलेचा चांगला हात हातात घेतला आणि म्हणाला, "मास्तर, उद्या सण आहे. उद्यापर्यंत दम धरा, आमचं देऊळ अपशकुनी करू नका." एर्कोलेच्या घशात हसल्यासारखं काहीतरी वाजलं.

"ते म्हणतात, करंज्या खाल्ल्याशिवाय जाणार नाही," जिनेव्रा म्हणाली.

"शहाणा माणूस." तद्देओ वळला आणि चित्रापुढे जाऊन उभा राहिला. इतक्या जवळून तो पहिल्यांदाच बघत होता. सुतार माणूस, त्याने आधी खाट पाहिली. "जोडणी चांगली आहे. पाय हलायचे नाहीत." मग जोसेफाचा हात पाहिला आणि टोपी काढली. "माझी बायको गेली तेव्हा असाच हात बाहेर होता," तो म्हणाला. मग नाक शिंकरून पुढे सरकला. "आणि हे बाक कोणाचं?"

"जोसेफाचं," फुल्वियो म्हणाला.

"मग जोसेफ डावखुरा होता म्हणायचा."

तद्देओने कानामागची पेन्सिल काढून चित्रापासून बोटभर अंतरावर धरली.

"रंधा मारताना फळी सरकू नये म्हणून बाकाच्या टोकाला खुंटी असते. माझ्या बाकाची डाव्या टोकाला आहे. या शहरातल्या एकूण एक सुताराची डाव्या टोकाला, कारण आम्ही रंधा उजवीकडून डावीकडे ढकलतो. ही बघ कुठे आहे ती. उजव्या टोकाला. आणि कीससुद्धा उजव्याच बाजूला पडलाय."

या चित्राच्या नकला करून दोन्ही भावांचे हात घासले होते. दोघंही पुढे वाकून खुंटीकडे पाहू लागले, जणू ती कोणीतरी आत्ताच ठोकून गेलंय. जिनेव्राने स्वतःही हे कधी पाहिलं नव्हतं. तिने आपल्या बाकासारखं बाक काढलं होतं, दुसरं तिला माहीतच नव्हतं.

"छापण्यासाठी काढलेलं आहे, काका," फुल्वियो सावरून म्हणाला. "ठसा काढला की डावं उजवं होतं, म्हणून उलटं काढावं लागतं."

"मग येशूने आशीर्वादाला डावा हात उचलायला हवा होता. त्याने तर उजवा उचललाय."

प्रॉस्पेरोला हसू आवरेना. "दादा, पुरे कर. काका, एवढं कशाला? रंगवताना मी खुंटी फिरवून घेईन."

"तू?" दारातून ओलिंपिया म्हणाली.

"कोणीतरी फिरवेल, वहिनी."

"मला फिरवून नकोय," तद्देओ म्हणाला. "मला कळायला हवंय." तो खाटेपाशी परत आला आणि वाकला. "मास्तर, बाक कोणाचं बघून काढलंत?"

एर्कोलेने चित्राकडे पाहिलं, मग जिनेव्राकडे. त्याचा डावा हात पांघरुणावर हलला. तो बोलला. चारच शब्द होते, पण मध्ये त्याला दोनदा थांबून लाळ गिळावी लागली. मग त्याने डोळे मिटले.

सगळे जिनेव्राकडे वळले.

"काय म्हणाले?" फुल्वियोने विचारलं.

तिला स्वच्छ ऐकू आलं होतं. बाक जिनेव्राचं. चित्रही तिचंच.

बारा वर्षांनी हे ऐकल्यावर तिला आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप. जीभ चालत होती तेव्हा हा माणूस गप्प राहिला. पार्म्याचा माणूस टोपी काढून उभा होता तेव्हा गप्प राहिला. आता बोलला तर असा, की जगात तिला एकटीलाच कळावं, आणि तिने ते स्वतःच्या तोंडाने, स्वतःबद्दल, चार माणसांना ओरडून सांगावं. ती म्हणू शकली असती की बाबांना आठवत नाही. ती म्हणू शकली असती की फुल्वियोने रंगवावं, किंवा प्रॉस्पेरोने रंगवावं, आणि कौलं बदलली गेली असती किंवा खोली मिळाली असती. दोन्ही भाऊ तिच्या ओठांकडे बघत होते. लहानपणी ती करंज्या वाटायला बसायची तेव्हा बघायचे तसे.

"बाबा म्हणतात," ती म्हणाली, आणि तिला आपलाच आवाज परका वाटला, "की बाक जिनेव्राचं आहे. आणि चित्रही जिनेव्रानेच काढलंय."

फुल्वियो आधी हसला. मग थांबला. "हे ते म्हणाले?"

"हो."

"कमाल आहे," प्रॉस्पेरो हळू आवाजात म्हणाला. "आम्ही दोघं तुझ्यामागे लागलो होतो, माझ्या बाजूने बोल, माझ्या बाजूने बोल. तू आपली स्वतःच्याच बाजूने बोललीस."

"पाच महिने मी सांगते ते तुम्हाला पटत होतं."

"पाच महिने तू सूप गरम आहे म्हणून सांगत होतीस."

"बाबांचं भान गेलंय," फुल्वियो तद्देओला म्हणाला. "किंवा हिचं तरी. काका, पाच महिने त्यांच्याजवळ एकटी बसून माणसाला काहीही ऐकू येतं. बाबा, डोळे उघडा. पुन्हा सांगा. कोणी काढलं?"

एर्कोले पुन्हा बोलला. तेच बोलला, पण या वेळी ते अधिकच विस्कटलं आणि कोणालाच काही कळलं नाही. फुल्वियोने हात पसरले. जिनेव्राने खाली पाहिलं. एवढंच व्हायचं होतं, तिला वाटलं, ऐकायला मिळालं आणि ऐकणारी मी एकटी.

"ती पाव कोणत्या हाताने कापते?" तद्देओने विचारलं.

"डाव्या," ओलिंपिया म्हणाली.

फुल्वियोने वळून बायकोकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय? वीस वर्षं मी हिच्या डाव्या बाजूला जेवायला बसते. हिचं कोपर लागून माझी बरगडी झिजलीय." ओलिंपियाने हातावरची साखर कमरेच्या फडक्याला पुसली. "आणि तुम्ही दोघं चित्रकार म्हणवता. सासूबाईंची करंगळी जात्यात सापडून वाकडी झाली होती. मरणाच्या आठवड्यात मी त्यांना अंघोळ घालत होते, तो हात मी ओळखणार नाही? मला वाटायचं मामंजींनी काढला. पण मामंजी तर तेव्हा अंगणात बसून होते. त्यांना जेवायला बोलवायला मीच जात होते, आठ दिवस. खोलीत ही होती."

"हे तू आज सांगतेस?" फुल्वियो म्हणाला.

"मला कोणी विचारलं कधी?"

तद्देओ तोवर चित्रशाळेच्या कोपऱ्यात गेला होता. तिथे चौकटी ठोकायचं एक जुनं बाक होतं, वर सरसाची भांडी आणि चिंध्या. त्याने भांडी एकेक करून खाली ठेवली, चिंध्या बाजूला सारल्या आणि बाकाच्या कडेवरून तळहात फिरवत नेला. उजव्या टोकाशी तो थांबला. तिथे खुंटी होती, वापरून गुळगुळीत झालेली.

"ही कोणी बसवली?"

"आईने बसवून घेतली," जिनेव्रा म्हणाली. "मी दहा वर्षांची असताना."

म्हातारा खुंटीवर अंगठा फिरवत राहिला. मग त्याने टोपी घातली.

"आम्ही मास्तरच्या हातचं चित्र म्हणून आलो होतो. ते तसं नाही. मंडळी उद्या सणाला जमेल, तिथे मला खरं ते सांगावं लागेल. काय म्हणतील मला माहीत नाही. काही जण उठून जातील." तो जिनेव्राकडे वळला. "सण उलटला की मी येईन. जे काय बोलायचं ते तुझ्याशी बोलेन. आणि बाई, काहीही होवो, ती खुंटी आहे तिथे राहू दे. जोसेफ उजव्या हाताचा होता असं मी तरी कुठे ऐकलेलं नाही."

ओलिंपियाने त्याला सहा करंज्या बांधून दिल्या. प्रॉस्पेरो त्याला रस्त्यावरच्या कमानीपर्यंत सोडायला गेला आणि तिथेच उभा राहिला. फुल्वियो अंगणात निघून गेला. बारा वर्षांपूर्वी त्याचा बाप गेला होता तसाच.

चित्रशाळेत दोघंच राहिली. जिनेव्राने बापाचं तोंड पुसलं, उशी सारखी केली. मग ती खाटेच्या काठावर बसली.

"बारा वर्षं, बाबा," ती म्हणाली. "का?"

त्याला वेळ लागला. तिने मध्ये शब्द पुरा केला नाही. पाच महिन्यांत पहिल्यांदाच तिने त्याला तो स्वतः शोधू दिला.

"पार्मा," तो म्हणाला. मग थांबला. "तुझी आई गेली. तुझं म्हटलं असतं... तूही गेली असतीस."

"गेले असते," जिनेव्रा म्हणाली. "गेले असते, बाबा. रडत गेले असते, पण गेले असते. मला विचारायचं तरी."

एर्कोलेचा उजवा डोळा पाच महिने आपोआप वाहत होता, त्याकडे कोणी लक्ष देत नसे. आता डावाही भरला. त्याने चांगला हात उचलून समोरच्या चित्राकडे दाखवलं.

"करंगळी," तो म्हणाला. "रोज सकाळी... बघतो."

म्हणजे त्याला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. त्याने चित्र समोर टांगलं होतं ते बायकोचा हात दिसावा म्हणून, आणि चित्रासाठी लेक गमावायला नको म्हणून तो खोटं बोलला होता, आणि मग खोट्याला जगाने टोपी काढली म्हणून ते त्याला गोडही लागलं होतं. जिनेव्राला हे सगळं एकदम कळलं आणि कशालाच माफी देता येईना. पण आईची आठवण मात्र अशी दाटून आली की तिने बापाच्या पांघरुणावर डोकं टेकलं. दोघांना हवी होती ती एकच बाई, आणि ती तिथे भिंतीवर दाढी लावून निजली होती.

तिच्या केसांवर त्याचा हात आला.

"चांगलं काढलंस," तो म्हणाला. हे मात्र कोणालाही कळलं असतं. मग बोट फडक्याकडे गेलं. "आता मला."

"ते दादाचं काम आहे."

"तू."

"उद्या काढीन. उद्या उजेड चांगला असेल."

"उद्या नको," एर्कोले म्हणाला.

तिने डोळे पुसले. उठून फडकं काढलं, फळी मांडीवर घेतली, तासलेल्या पिसांतलं मधलं उचललं आणि डाव्या हातात धरलं. शाईत बुडवलं. कागदावर टेकवलं तर नेहमीसारखी हाताची काळी सावली रेघेच्या पुढे पुढे पळू लागली.

दार वाजलं. फुल्वियो आत आला होता. त्याने आपला ताणलेला कागद पाहिला, त्यावरची पहिली रेघ पाहिली. जिनेव्रा थांबली नाही. आता काढून घेतलं हातातून तर घेऊ दे, तिला वाटलं, एक रेघ तरी झाली.

"सावली पडतेय तुझी," तो म्हणाला.

"चव्वेचाळीस वर्षं पडतेय, दादा."

फुल्वियो तिच्या मागून उजव्या भिंतीकडे गेला. त्याने वरचं पहिलं ताणलेलं कापड उचललं आणि बाजूला ठेवलं. मग दुसरं. धूळ उडाली, तो शिंकला, आणि पुन्हा उचलू लागला. जिनेव्रा मान वर न करता ऐकत होती. कापडं संपली. खिडकीची कडी गंजून धरली होती. त्याने खांदा लावला, एकदा, दोनदा, आणि फळ्या करकरत अंगणाकडे उघडल्या.

उजेड उजवीकडून आला. कागदावरची सावली सरकून तिच्या मनगटाखाली गेली. जिनेव्राने पीस पुन्हा बुडवलं आणि पांघरुणावरच्या बापाच्या हातापासून सुरुवात केली. एर्कोले तिच्या बोटांकडे बघत होता.